दाढ काढल्यावर जखम भरत नाही? घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

दाढ निघाली की सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. सांभाळायचे दिवस मात्र तिथून पुढे सुरू होतात. आपल्याकडे कोकणात तर जास्तच. दवाखाना तालुक्याला, घर खाडीपलीकडे, शेवटची एसटी निघून गेलेली, तरीची फेरी बंद झालेली आणि रात्री दहाला तोंडात रक्त भरायला लागलं तर काय करायचं, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. मी किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. रात्री येणारे बरेचसे फोन याच प्रश्नांचे असतात. फोनवर जे तुटक तुटक सांगावं लागतं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एक कसोटी आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दाढ काढल्यावर पहिले दोन-तीन दिवस दुखणार, गाल सुजणार. सूज साधारण 48 ते 72 तासांत सर्वांत जास्त दिसते. तिथून पुढे रोज थोडा थोडा उतार पडायला हवा. म्हणून ‘किती दुखतंय’ यापेक्षा ‘कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त’ हा प्रश्न रोज सकाळी स्वतःला विचारा. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज उलटी वाढायला लागली, तर वाट बघू नका. आणि हा निर्णय दुपारीच घ्या, संध्याकाळी नाही. अंधार पडल्यावर आपल्याकडे वाहन मिळवणं हेच एक दुखणं होऊन बसतं.

दाढ अजून काढायची असेल तर

हे आधी वाचणाऱ्यांसाठी. दाढ शक्यतो सकाळी काढून घ्या, म्हणजे रक्त थांबलं नाही तर त्याच दिवशी परत येता येतं. गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी मुंबईत दाढ काढून रात्रीच्या गाडीत बसू नका. पावसात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. ट्रॉलरवर खोल समुद्रात जाणाऱ्यांनी दाढ काढल्यावर निदान आठवडाभर किनाऱ्यावरच राहावं, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका सुरू झाला तर बोटीवर त्याला इलाज नाही. भातलावणीच्या दिवसांतही तसंच. दिवसभर वाकून काम केलं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि जखम पुन्हा वाहायला लागते.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: साखर, रक्तदाब, हृदयाची झडप बदललेली असणं, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, जबड्याला किंवा मानेला पूर्वी दिलेली किरणं, आणि लहानपणी खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नव्हतं असा काही इतिहास. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पिशवीच घेऊन या. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरीन या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने दाढेसाठी गोळी बंद केली तर दाढेपेक्षा कितीतरी मोठं संकट ओढवू शकतं. वॉरफरीन चालू असेल तर आधी आयएनआर ही रक्ताची तपासणी करून घेतात आणि आकडा मर्यादेत असेल तर गोळी चालू ठेवूनच दाढ काढतात.

पहिला दिवस: गुठळी सांभाळायची

दाढ निघाल्यावर हाडात खळगा राहतो. त्यात रक्त साकळून गुठळी होते आणि तीच पुढच्या सगळ्या भरून येण्याचा पाया असते. साधारण आठवड्याभरात त्या गुठळीच्या जागी नवं मांस धरायला लागतं, दोन-तीन आठवड्यांत वरून हिरडी बरीचशी मिटते, मोठ्या दाढेला त्याहून थोडं जास्त लागतं. आतलं हाड भरायला मात्र काही महिने जातात. म्हणजे महिन्याभराने तिथे जिभेला खोलगट लागलं तर त्यात काळजीचं काही नाही.

गुठळी निघून जाते ती मुख्यतः ओढीने. थुंकणं, चूळ जोरात फेकणं, स्ट्रॉने पिणं, विडी-सिगारेट ओढणं, या सगळ्यांत तोंडात ओढ तयार होते. शहाळ्याचं पाणी खुशाल प्या, पण नळी घालून नको. पेल्यात ओतून घ्या. लाळ आली तर गिळा, किंवा मान खाली करून ती आपसूक गळू द्या. चुलीवर स्वयंपाक असेल तर दोन-तीन दिवस फुंकणी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. आरतीला शंख फुंकणाऱ्याने तो मान दुसऱ्याला द्यावा.

डॉक्टरांनी दिलेला बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखा काढून बघू नका, दर वेळी काढताना नुकतीच धरलेली गुठळी त्याच्यासोबत निघते. बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत गरम चहा नको आणि चावून खाणंही नको. गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळा, ती बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून येतो. गालाला बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, तेवढाच वेळ थांबा, पुन्हा लावा. हे पहिल्या दिवसापुरतंच. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा.

खायला गार केलेली पेज, दहीभात, केळं, नाचणीची गार आंबील. पेजेसारखं दुसरं पथ्याचं खाणं नाही, उकड्या तांदळाची पेज पोटालाही धरते. तिरफळं घातलेलं कालवण, सोलकढीतली हिरवी मिरची, भाजलेला सुका बांगडा, चिवडा, कडक भाकरी हे आठवडाभर बाजूला ठेवा. मासे खायचे झाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, काटे नीट काढून आणि दुसऱ्या बाजूने चावून.

रक्त थांबत नसेल तर

लाळेला गुलाबी रंग येणं, उशीला रात्री डाग पडणं हे पहिल्या दिवशी चालतं. थोडंसं रक्त भरपूर लाळेत मिसळलं की खूप दिसतं. तोंड पुन्हा पुन्हा रक्ताने भरत असेल किंवा काळपट लाल गोळे येत असतील तर ते वेगळं. तेव्हा असं करा.

पाठ टेकून ताठ बसा, आडवं होऊ नका. गार पाणी तोंडात घेऊन एकदाच हलकेच फिरवा आणि तोंड उघडून ते पडू द्या. खळग्यावर लोंबणारा सैल गोळा दिसत असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या. मग गॉज, आणि तो नसेल तर धुतलेल्या सुती कापडाची घडी, थोडी ओली करून नेमकी खळग्यावर ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. घडी शेजारच्या दातांवर बसते आणि दाब भलतीकडेच पडतो. घडी एवढी जाड हवी की तोंड मिटल्यावर ती खळग्यातच दाबली जावी. वयस्कर माणसाला समोरचा दात नसेल तर घडी आणखी जाड करा. घड्याळ लावून अर्धा तास घट्ट चावून धरा. मधे बोलणं नाही, उघडून बघणं नाही.

अर्ध्या तासाने थांबलं नाही तर चहाची पुडी गार पाण्यात भिजवून, पिळून, तशीच आणखी अर्धा तास चावा. काळ्या चहातलं टॅनिन रक्त आवळायला मदत करतं. आमच्याकडे घरोघरी सुटी चहापूड असते. ती खळग्यात भरू नका, स्वच्छ कापडात बांधून घ्या. एवढं करूनही तोंड भरत राहिलं, किंवा चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं, तर निघा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, गरज वाटली तर 108 ला फोन करा. तिथे रक्तदाब मोजायला सांगा. वाढलेला रक्तदाब हे न थांबणाऱ्या रक्ताचं नेहमीचं कारण आहे, आणि कित्येकांना आपल्याला तो आहे हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

आठवडा-दहा दिवसांनी, सगळं ठीक असताना अचानक रक्त आलं तर बहुतेकदा आत जंतू वाढलेले असतात. तेव्हा नुसतं दाबून भागत नाही, दाखवावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून

24 तास झाले की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक जेवणानंतर. ‘गुळण्या’ म्हटलं की लोक घशातून खळखळ करतात. तसं नको. पाणी तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलवा, अर्धा मिनिट धरा, सोडून द्या. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असतं, ते उकळून घ्या. क्लोरहेक्सिडीनचं, म्हणजे जंतू मारणारं चूळ भरायचं औषध दिलं असेल तर ते आणि टूथपेस्ट यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, एकत्र आले की औषधाचा असर कमी होतो. बाकीचे दात रोजच्यासारखे घासा. दुखतंय म्हणून सगळंच तोंड न घासता ठेवलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं. बर्फ आता बंद. हवा तर बाहेरून कोमट शेक.

तोंड नीट उघडत नाही ही तक्रारही याच दिवसांत येते. खालच्या दाढेला दिलेल्या इंजेक्शनाने आणि सुजेने जबड्याचे स्नायू आखडतात. तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक देऊन तोंड हळूहळू उघडायचा सराव करा. एक-दोन आठवड्यांत स्वतःची तीन बोटं उभी मावायला लागतात. वर्षानुवर्षं सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचं तोंड आधीपासूनच कमी उघडत असेल आणि तिखटाने आग होत असेल, तर ते दाढेमुळे नाही. तो सुपारीमुळे होणारा वेगळा आजार आहे आणि त्याची स्वतंत्र तपासणी व्हायला हवी.

खळग्यात बघायचं कसं

चौथ्या दिवसाच्या आसपास घरातलं कुणीतरी मोबाइलचा उजेड तोंडात टाकतं आणि घाबरून फोन करतं.

‘डॉक्टर, आईंच्या दाढेत पू झालाय. पांढरं पांढरं दिसतंय.’
‘दुखणं कालच्यापेक्षा जास्त आहे का?’
‘नाही, कालपासून जरा बरं आहे म्हणतायत.’
‘तोंडाला घाण वास? ताप?’
‘नाही.’
‘मग हात लावू नका. कापसाने पुसूही नका. तो पू नाही.’

खळग्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरट पिवळसर साय धरते. ती जखम भरण्याचीच खूण आहे. कडेची हिरडी गुलाबी किंवा लालसर, मध्ये ही साय, आणि दुखणं उतरतं, एवढं असेल तर सगळं जागेवर आहे. पू दाटसर असतो, दाबल्यावर बाहेर येतो, वाईट चव आणि वास असतो, सोबत बहुतेकदा सूज आणि ठणका वाढलेला असतो. आणि खळगा कोरडा, रिकामा, आत राखाडी किंवा फिकट हाड उघडं दिसत असेल, तर ते तिसरंच काही. पुढे त्याचंच सांगते.

शीत अडकलं असेल तर काडी घालून, पिन घालून कोरू नका. मिठाच्या पाण्याने ते निघतं. खालच्या अक्कलदाढेच्या खळग्यात अन्न वारंवार अडकत असेल तर पाच-सहा दिवसांनंतर, डॉक्टरांना विचारून, सुई नसलेल्या सिरिंजने कोमट मीठपाणी हलकेच सोडता येतं.

कोरडा खळगा, म्हणजे ड्राय सॉकेट

दाढ काढल्यावर दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम ठणका सुरू झाला, तो कानापर्यंत, कानशिलापर्यंत चढतो, गोळीने तासभर दबतो आणि पुन्हा उसळतो, तोंडाला घाण वास येतो, पण ताप नाही आणि फारशी सूजही नाही: ही ड्राय सॉकेटची अगदी ठरलेली लक्षणं. गुठळी निघून गेलेली किंवा विरघळून गेलेली असते आणि हाड उघडं पडलेलं असतं. शंभरातल्या 2 ते 5 जणांना हे होतं, खालच्या अक्कलदाढेला त्याहून बरंच जास्त. तंबाखू, कठीण गेलेली दाढ, आधीपासून चिघळलेली हिरडी आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी शक्यता वाढते.

घरच्या उपायांनी लोक इथे स्वतःला फार त्रास करून घेतात. खळग्यात तंबाखूची चिमूट, चुना, हळद, तुरटी, राख. कुणी लवंगेचं तेल थेट कापसावर घेऊन आत दाबतं. नुसतं लवंगेचं तेल जिवंत मांसाला भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवणंही तसंच, तिथे पांढरा चट्टा पडतो. कृपा करून आत काहीही भरू नका.

दवाखान्यातला इलाज साधा आहे. खळगा कोमट सलाईनने धुतात आणि त्यात औषधाची वात किंवा पेस्ट ठेवतात. या औषधात लवंगेच्या तेलातलाच युजेनॉल हा घटक असतो, पण मोजून, मिसळून, योग्य प्रमाणात. पुष्कळांना तासाभरात इतकं बरं वाटतं की रात्रभर न झोपलेला माणूस खुर्चीतच पेंगायला लागतो. वात एक-दोन दिवसांआड बदलावी लागते, आठवडा-दहा दिवसांत त्रास संपतो. अँटिबायोटिकने ड्राय सॉकेट बरा होत नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून ‘दाढेची गोळी’ आणून पाच दिवस घालवू नका. त्या पाच दिवसांचं दुखणं टाळता येण्यासारखं असतं, हे मला दर वेळी वाईट वाटायला लावतं.

दुखण्याच्या गोळ्या आणि पावसाळ्यातला ताप

डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या वेळी घ्या. ठणका चढेपर्यंत थांबलं की मग तीच गोळी पुरत नाही. मोठ्यांना आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल हे दोन्ही मिळून चांगला आराम देतात, पण आयबुप्रोफेन उपाशी पोटी नको, आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गरोदरपण असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय नकोच. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर ते चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस दारू पूर्ण बंद. अँटिबायोटिक दिलंच असेल तर सांगितलेले दिवस पुरे करा, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

पावसाळ्यात ताप आला तर तो दाढेचाच, असं धरून बसू नका. आपल्याकडे शेतातल्या पाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो, डेंग्यू आणि मलेरियाही असतात. जबडा रोज सुधारतोय पण अंग मोडून ताप आलाय, पिंढऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या आणि तोपर्यंत आयबुप्रोफेन थांबवा. डेंग्यू असेल तर या गोळीने रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल पुरे. लेप्टोला उशीर परवडत नाही.

जंतुसंसर्ग, आणि थांबायचं नाही अशी लक्षणं

तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, पू, ताप, हनुवटीखाली दुखरी गाठ: त्याच दिवशी डॉक्टर. पू बाहेर काढावा लागतो, दाढेचा राहिलेला तुकडा असेल तर तो काढावा लागतो, गोळ्या त्यानंतर.

पुढची लक्षणं दिसली तर सकाळपर्यंतही थांबू नका: जिभेखालचा भाग सुजून जीभ वर उचलली जाणं, गिळता न येणं आणि लाळ गळणं, आवाज बोजड होणं, श्वास लागणं, मानेवर टणक सूज उतरणं, सुजेने डोळा मिटणं. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि मानेत उतरला की श्वासाची वाट बंद होऊ शकते, आणि ते काही तासांतही घडतं. 108 ला फोन करा, माणसाला बसतं ठेवा, आडवं करू नका. गावात पोचून पुन्हा वर पाठवण्यात वेळ जाऊ नये म्हणून फोनवरच ‘तोंडाची सूज आहे, श्वासाला त्रास आहे’ असं स्पष्ट सांगा. अशा रुग्णाला भूल देणारे डॉक्टर असलेलं रुग्णालय लागतं. जिल्हा रुग्णालय म्हणजे आपल्याकडे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस.

वरच्या दाढेनंतर नाकातून पाणी

वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, अगदी लागून असतात. दाढ काढताना कधी तिथे भोक पडतं. चूळ भरताना पाणी नाकातून आलं, बोलताना हवा वर जातेय असं वाटलं, तर तेच. नाक दाबून फुंकून बघू नका, त्यानेच भोक मोठं होतं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, फुंकणी, शंख, फुगे, स्ट्रॉ सगळं बंद. पाण्यात बुड्या मारणाऱ्यांनी समुद्रात उतरू नये. बारीक भोक आपोआप मिटतं. मोठं असेल तर टाके घालून बंद करावं लागतं, म्हणून डॉक्टरांना लवकर कळवा.

ओठ बधिर राहिला, टोचणारं काही बाहेर आलं

इंजेक्शनाचा बधिरपणा काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल तर कळवा. खालच्या अक्कलदाढेजवळून शीर जाते, ती दुखावलेली असू शकते. बहुतेकांची आठवड्यांत-महिन्यांत परत येते, पण नोंद पहिल्यापासून असावी.

दोन-चार आठवड्यांनी हिरडीतून पांढरं, टोकदार काही टोचायला लागलं तर लोकांना दाढेचा तुकडा राहिला असं वाटतं. पुष्कळदा तो हाडाचा बारीक कण असतो आणि स्वतःच निघून जातो. टोचत राहिला तर दवाखान्यात मिनिटात काढतात. खरंच मूळ राहिलं आहे का, हे एक्स-रेने कळतं. शिरेजवळचं लहान मूळ कधी कधी डॉक्टर जाणूनबुजून ठेवतात. तसं असेल तर त्यांनी तुम्हाला सांगायला हवं, आणि तुम्हीही विचारा.

जखम भरायला उशीर का लागतो

मशेरीपासून सुरुवात करते, कारण गावागावातल्या बायांकडून हे उत्तर सहज येत नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरंच असतं. मशेरी त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच, ती दात घासायची. भाजून काळी केलेली ती पूड मग दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने हिरडीवर फिरते आणि थेट खळग्यात जाते. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, जखमेला रक्त कमी पोचतं, आणि पूड आत साचून राहते. म्हणून सूनबाईंनी, लेकींनी सासूबाईंना, आईला नाव घेऊन विचारा: मशेरी लावता का? निदान दोन आठवडे डबी नजरेआड ठेवा. विडी, सिगारेट, गुटखा, तपकीर सगळ्यांना हाच नियम. दोन आठवडे राहता आलं तर पुढेही राहता येतं. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांक निःशुल्क आहे.

साखर हे दुसरं मोठं कारण. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि नवं मांस धरायला वेळ लागतो. दाढ दुखते म्हणून जेवण कमी आणि गोळी मात्र नेहमीची, यात साखर एकदम खाली जाण्याचाही धोका असतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच साखरपाणी द्या. पथ्याचं पातळ खाणं ठरलेल्या वेळेला घ्या आणि घरी मशीन असेल तर साखर रोज तपासा. जखम रेंगाळली तर तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी करून घ्या. कधी कधी न भरणारी दाढेची जखम हीच मधुमेहाची पहिली खूण ठरते.

हाडांच्या औषधांबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, किंवा कर्करोगात दिलं जाणारं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, ही औषधं जबड्याच्या हाडाची झीज-भर मंदावतात. क्वचित काहींना दाढ काढल्यावर हाड उघडं राहतं आणि आठ-आठ आठवडे झाकत नाही. गोळी घेणाऱ्यांना हा धोका थोडा असतो, कर्करोगासाठी इंजेक्शन घेणाऱ्यांना बराच जास्त. जबड्याला किरणं दिलेल्यांचंही असंच, अगदी कित्येक वर्षांनंतरसुद्धा. अशांची दाढ गावातल्या खुर्चीत घाईने काढू नये. तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ असतील तिथे जावं. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, खेडला दंत महाविद्यालय आहे.

याशिवाय स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त कमी असणं, जेवणात डाळ-मासे-अंडी नसणं, शेजारची दाढ किडलेली असणं यांनीही उशीर होतो. म्हाताऱ्या माणसांना दाढ काढल्यावर नुसत्या पेजेवर ठेवलं जातं आणि तेच महिनाभर चालतं. आठवड्यानंतर पेजेत मुगाची डाळ, मऊ भातावर अंडं, काटे काढलेला मासा येऊ द्या. जखम भरायला प्रथिनं लागतात.

तीन आठवडे झाले तरी भरत नाही

इथे मी सर्वांत जास्त आग्रहाने लिहिते आहे. तीन आठवड्यांनंतरही खळग्याची जागा उघडी, चिघळलेली, सहज रक्त येणारी असेल, कडा जाड किंवा टणक लागत असतील, आतून मांसाचा कोंब वाढत असेल, शेजारचे दात कारण नसताना हलायला लागले असतील, ओठ बधिर व्हायला लागला असेल किंवा मानेत न दुखणारी गाठ असेल, तर हे ‘उशिरा भरणं’ नाही असं समजून चला. कधी कधी दाढ हलते म्हणून काढली जाते, आणि ती हलत असते हिरडीतल्या कर्करोगामुळे. तंबाखू, मशेरी, सुपारी खाणाऱ्यांत हे विशेष लक्षात ठेवावं लागतं. अशा वेळी पुन्हा एकदा अँटिबायोटिक, पुन्हा एकदा वेगळा माउथवॉश, यात महिने जाऊ देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘तुकडा तपासायचा का?’

बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून कडेचा लहानसा तुकडा घेतात. मोठं ऑपरेशन नसतं, रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि तिच्यापायी माणसं उशिरा येतात. ती भीती खरी नाही. हा आजार लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता चांगली असते, उशीर झाला की जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो.

जाताना दाढ काढल्याचा कागद, आधीचे एक्स-रे, चालू गोळ्यांची पिशवी आणि साखरेचे रिपोर्ट सोबत घ्या. मोबाइलवर दर चार-पाच दिवसांनी त्याच कोनातून काढलेले जखमेचे फोटो असतील तर डॉक्टरांना फार उपयोग होतो. अहवाल यायला काही दिवस लागतात. तो आणायला घरातल्या जाणत्या माणसाने स्वतः जावं, कुणाच्या हाती मागवू नये, आणि पुढे कुठे, कोणत्या तारखेला दाखवायचं हे तिथेच कागदावर लिहून घ्यावं. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायला सांगितलं तर तुकड्याची काचपट्टी आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. ते सोबत असले की तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेलच असं नाही.